दुकानाच्या काचेशी थांबणारे काका

सोलापूरच्या नवी पेठेतून चालताना आमच्या गल्लीतले एक काका दर चार-सहा दुकानांनंतर थांबतात आणि काचेतल्या चादरी बघत उभे राहतात. घ्यायचं काही नसतं. "पोटरीत गोळा येतोय की ओ, दोन मिनिटं थांबलं की जातोय," एकदा त्यांनीच सांगितलं. या माणसाचा जन्म यंत्रमागावर उभं राहण्यात गेला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागून अडुसष्ट लिंगांची फेरी ते वर्षानुवर्षं अनवाणी करत आले. आता जमत नाही, तर घरच्यांनी "वय झालं" म्हणून विषय मिटवला होता.

जर्मन भाषेत या दुखण्याला चक्क 'दुकानाच्या काचा बघण्याचा आजार' म्हणतात. चालताना पोटरीला रक्त कितीतरी पट जास्त लागतं. रक्त आणणाऱ्या रोहिणीच्या आत चरबीचा आणि कॅल्शियमचा थर साचला असेल, तर बसल्या जागी भागतं, चालताना भागत नाही. नळीची रुंदी निम्मी झाली की त्याच दाबाला तिच्यातून जाणारा प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून दुखणं ठरावीक अंतरावर उठतं आणि नुसतं उभं राहिलं तरी विरतं. कण्यातली नस दबली असेल तर उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा हा तर पूर्ण वेगळा आजार. आपल्याकडे सगळ्यालाच 'नस ब्लॉक' म्हणतात आणि तिथंच घोटाळा होतो.

काकांसारखं पोटरीचं दुखणं बहुधा मांडीतल्या किंवा गुडघ्यामागच्या अडथळ्यामुळे येतं. गुडघ्याखाली रोहिणीचे तीन फाटे होतात, प्रत्येक जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंद. शुगर असलेल्यांचे नेमके हेच फाटे बंद होतात, आणि मला जास्त भीती वाटते ती याची. शुगरने पायाची संवेदना अनेकदा आधीच गेलेली असते. गोळा नाही, कळ नाही. सिद्धेश्वर मंदिरातल्या तापल्या फरशीचा चटकासुद्धा कळत नाही. अंगठ्याला चप्पल घासते, जखम होते, आणि रक्तच पोचत नसल्याने ती महिना महिना भरत नाही. अशा पायाला गरम पाण्याचा शेक देणं तर फार वाईट. कातडी भाजते आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

काहींचा पाय रात्री ठणकतो. झोपेतून उठून ते पाय खाटेखाली सोडून बसतात आणि त्यांना बरं वाटतं. पाय हृदयापेक्षा अर्धा मीटर खाली गेला की रक्ताच्या वजनाने तिथला दाब साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याने वाढतो, तेवढ्यावर पाऊल तग धरतं. खाली सोडला की लाल, वर उचलला की पांढराफटक होणारा पाय त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावा.

घरी एक करून बघता येतं. पायाचा अंगठा वर उचला. पावलावर एक दोरी ताठ दिसेल. तिच्या बाहेरच्या अंगाला, पावलाच्या मध्यावर दोन बोटं अलगद ठेवा, ठोका लागेल. दुसरा ठोका घोट्याच्या आतल्या हाडामागे. वरचा ठोका काही निरोगी माणसांतही सापडत नाही. दोन्ही सापडले नाहीत तर मात्र तपासणी हवीच. दवाखान्यात घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. तो ०.९ किंवा त्याहून कमी आला तर अडथळा आहे. शुगरमुळे कडक झालेल्या नळ्या दाबल्याच जात नाहीत, मग आकडा खोटा चांगला, १.४ च्या वरही येतो. तेव्हा पायाच्या बोटातला दाब बघावा लागतो.

आणि तंबाखू. विशी-तिशी-चाळिशीतल्या विडी ओढणाऱ्यांच्या हातापायांच्या बारीक रोहिण्या सुजून बंद करणारा एक आजार आहे. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. दिवसाला एक-दोन विड्या चालू ठेवल्या तरी तो पुढे सरकत राहतो. पूर्व भागात घरोघरी विड्या वळून बायकांनी संसार उभे केले, त्यांना बोल लावायचा नाही. पण ओढणाऱ्याला ती सोडायला लावणारं माणूस घरातच हवं.

पायाचं बोट कापायचा सल्ला मिळाला तर आधी पायाचा रक्तपुरवठा तपासला का, हे जरूर विचारा. १९६४ मध्ये अमेरिकेत पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका बाईंची मांडीतली रोहिणी चार्ल्स डॉटर यांनी नळी घालून रुंद केली. पुढे त्या स्वतःच्या पायांवर चालल्या. अँजिओप्लास्टीची सुरुवात हृदयापासून झाली नाही, ती अशी पायापासून झाली. आज गुडघ्याखालच्या फाट्यांतही फुगा घालता येतो. काकांना मात्र फुगा लागला नाही. विडी बंद, गोळ्या चालू, आणि डॉक्टरांनी आखून दिलेलं चालणं: कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. तीन महिने नेमाने.

फक्त एका बाबतीत थांबायचं नाही. पाय अचानक गार, पांढरा पडला, असह्य दुखू लागला, बोटं हलेनात, तर हातात सहाएक तास असतात. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून सोलापूर गाठण्यातच त्यातला एक-दीड तास जातो. सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढा.