अकाउंट देणं वेगळं, गेम देणं वेगळं

'युरो ट्रक सिम्युलेटर २' या ट्रक चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये बँकेचं कर्ज काढून मी एक ट्रक घेतला होता. सोयाबीन सोंगणीचे चार दिवस वावरातच गेले. पाचव्या दिवशी कॉम्प्युटर लावतो तर ट्रक गायब. धाकट्याने विकून टाकला. वर मलाच म्हणतो, "दादा, काहून बोंबलून रायला? पैसे त तुह्याच खात्यात जमा झाले ना!"

चूक माझीच. त्याला गेम खेळू द्यायचा होता आणि मी दिला स्टीमचा, म्हणजे जिथून आपण कॉम्प्युटरचे गेम विकत घेतो आणि खेळतो त्या ॲपचा, पासवर्ड. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात तरी दोन्ही गोष्टी लोक एकच समजतात.

पासवर्ड देणं म्हणजे सातबारा हातात देणं. तो तुमच्या नावाने खेळतो, तुमच्या सेव्हवर, म्हणजे तुम्ही जिथवर खेळून ठेवलंय तिथून पुढे, खेळतो, अचिव्हमेंट (गेममधली बक्षिसं) तुमच्या नावावर चढतात. एकाच अकाउंटवरून दोन कॉम्प्युटरवर ऑनलाइन खेळता येत नाही. एकाने गेम चालू केला की दुसऱ्याला बाहेर पडावं लागतं. नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं तर स्टीम गार्डची (स्टीमच्या लॉगिनवरच्या पहाऱ्याची) मंजुरी तुमच्या फोनवर येणार, आणि तुम्ही वावरात, जिथे टॉवर नाही. शिवाय पासवर्ड दुसऱ्याला देणं स्टीमच्या करारातच बसत नाही.

स्टीम फॅमिलीज, म्हणजे घरातल्यांनी एकमेकांचे गेम खेळायची स्टीमचीच सोय, ही गोष्ट निराळी. २०२४ पासून सगळ्यांसाठी सुरू आहे, फुकट आहे, आणि एका घरातली सहा माणसं त्यात बसतात. प्रत्येकाचं अकाउंट आपापलं, सेव्ह आपापले. एकत्र येतात ते फक्त गेम. घरातल्या अवजारांसारखं समजा. डवरा एकच असेल तर तो एका वेळी एकाच वावरात चालेल. पण मी डवरा नेला म्हणून धाकट्याला तिफण नेता येऊ नये, असं थोडंच आहे? स्टीमच्या आधीच्या सोयीत, जुन्या फॅमिली शेअरिंगमध्ये, मात्र तसंच होतं: मालक कोणताही गेम खेळायला बसला की बाकीच्यांना त्याची अख्खी लायब्ररी, म्हणजे सगळेच गेम, बंद. आता दोघांनी वेगवेगळे गेम एकाच वेळी खेळायला हरकत नाही. एकच गेम दोघांना एकदम हवा असेल, तर घरात त्याच्या दोन प्रती लागतात.

सगळेच गेम वाटले जात नाहीत, काही कंपन्या परवानगी देत नाहीत. घरात लहान पोरं असतील तर त्यांच्या खेळण्याच्या वेळेला मर्यादा घालता येते. त्यांना काही विकत घ्यायचं असेल तर मागणी मोठ्यांकडे येते, पैसे मोठे भरतात.

दोन कलमं मात्र नीट वाचा. पहिलं: तुमच्या प्रतीवर खेळताना घरातल्या कोणी चीटिंग केली आणि बंदी आली, तर त्या गेममध्ये तुमच्यावरही बंदी. मालक तुम्ही ना! दुसरं: मोठ्या माणसाला फॅमिली सोडता येते, पण आधीच्या फॅमिलीत आल्यापासून वर्ष झाल्याशिवाय दुसरीत जाता येत नाही. त्याची रिकामी जागाही तो आल्यापासून वर्ष होईपर्यंत अडून राहते. जाताना आपले गेम तो सोबत नेतो, म्हणजे रीतसर हिस्सेवाटणीच. म्हणून गावातल्या मित्राला 'चुलतभाऊ' सांगून आत घेण्याआधी विचार करा.

आमच्या कामाची आणखी एक सोय: दोन कॉम्प्युटर एकाच राउटरवर असले, तर एकावर उतरवलेला गेम दुसऱ्यावर घरातल्या घरात कॉपी होतो. मोठा गेम पुन्हा नेटवरून उतरवायचा, त्यात मधेच लाईन जायची, ही कटकट वाचते.

धाकट्याचं आता स्वतःचं अकाउंट आहे, स्वतःचं कर्ज आहे. फक्त संध्याकाळी दोघांनाही ट्रकच पाहिजे असतो. दुसरी प्रत कोणाच्या पैशाने घ्यायची, यावर अजून घरात बोलणी चालू आहेत.