पाच विरुद्ध पाच, तरी साडेतीन उरतात

काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममध्ये हरला की माझा भाचा आधी माउसला शिव्या घालतो आणि मग बंदुकीची 'लकी' स्किन बदलतो. स्किन म्हणजे नुसता रंग. दुकानाच्या दारात टांगलेल्या लिंबू-मिरचीने जेवढं गिऱ्हाईक वाढतं, तेवढाच त्याने नेम सुधारतो. खरं तर त्याचा नेम उत्तम आहे. तो हरतो, कारण त्याच्या टीमला वेळेवर जागा बदलता येत नाही.

पाच हल्लेखोर, पाच रक्षक. बॉम्ब लावायच्या जागा दोन, ए आणि बी. समजा ए वर तीन रक्षक आहेत, बी वर दोन. पाचही हल्लेखोर बी वर तुटून पडले, की ए वरच्या तिघांनी तिकडे धाव घ्यायची. पोरं याला 'रोटेट करणं' म्हणतात.

आता गणित. मोटारी बनवणारे ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1916 सालच्या पुस्तकात विमानांच्या लढाईविषयी एक नियम मांडला. उघड्यावर प्रत्येकाला प्रत्येकावर गोळी झाडता येत असेल, तर तुकडीचं बळ संख्येच्या वर्गाने वाढतं. माणसं जास्त म्हणजे बंदुका जास्त, शिवाय शत्रूच्या गोळ्याही जास्त जणांत वाटल्या जातात. पाचांचं बळ 25, दोघांचं 4. ते दोघे पडले की हल्लेखोरांकडे 21 शिल्लक, म्हणजे साडेचारहून जास्त माणसं! मग धापा टाकत तिघे पोचतात, त्यांचे 9 वजा करा. उरले 12, वर्गमूळ सुमारे साडेतीन. (अर्धा माणूस कुणी पाहिलाय? ही सरासरी.) पाचही रक्षक एकत्र असते तर 25 वजा 25, बरोबरी.

पण अरुंद दारातून हल्लेखोर एकेक करून आत येत असतील, तर वर्ग गळून पडतो आणि साधी वजाबाकी उरते. दोघे मरताना दोघांना घेऊन जातात. उरले तीन, आणि ए वरून येणारेही तीन. म्हणून बी वरच्या जोडीने स्मोक (धुराचा ग्रेनेड) किंवा आग लावणारा ग्रेनेड टाकून दार अडवायचं असतं. प्रत्येक सेकंद मोलाचा. सुरी हातात घेऊन धावलं तर खेळातला वेग 250 एकक, एम4ए4 रायफल घेऊन 225. 2500 एककांच्या वाटेवर एका सेकंदाहून जास्त फरक पडतो. सुरी घेऊन धावणं हा काही दिखावा नाही.

मात्र धावणाऱ्याच्या पावलांचा आवाज शत्रूलाही ऐकू जातो. शिवाय हल्लेखोर एका जागी स्मोक फेकून दुसरीकडे जातात. रविवारी भाच्याने ओरडून तिघांनाही बी वर बोलावलं. ए रिकामं. बॉम्ब तिथे लागला, 40 सेकंदांची टिकटिक सुरू झाली, आणि हा खुर्चीतून उठून मला सांगतोय, "अरे मामा, पण स्मोक तर बी वर होता ना!"