क्लाउडमधली जागा कॉम्प्युटरचा ड्राइव्ह कशी झाली

क्लाउडवर घेतलेली जागा आपल्या कॉम्प्युटरवर सी आणि डी यांच्याच रांगेत एखादा जी किंवा झेड ड्राइव्ह म्हणून दिसते. त्यातली फाइल डबल-क्लिक करून उघडायची, बदल करायचे, सेव्ह करायचे. बाकीचे आपोआप होते. ही सोय आज सगळेच गृहीत धरतात, पण ती इथवर यायला चाळीसेक वर्षे लागली आहेत. दूरची जागा ड्राइव्ह म्हणून दाखवणे १९८० च्या दशकातच जमले होते. खरी अडचण पुढची होती. एखादी फाइल ड्राइव्हमध्ये दिसली की प्रोग्रॅम आणि माणूस दोघेही धरून चालतात, की ती इथेच आहे, पूर्ण आहे आणि मागितल्याक्षणी मिळणार आहे. मध्ये नेटवर्क आले की यातले काहीच खात्रीचे राहत नाही. या विषयाचा सगळा इतिहास म्हणजे ही खात्री कशी टिकवायची याचा शोध आहे.

ड्राइव्हला अक्षर देण्याची पद्धत पर्सनल कॉम्प्युटरपेक्षाही जुनी. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, १९६० च्या दशकात आलेल्या सीएमएस या सिस्टिममध्ये प्रत्येकाच्या वाट्याच्या छोट्या आभासी डिस्क अक्षरांनी ओळखल्या जात. पुढे गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या छोट्या कॉम्प्युटरांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अक्षरे दिसली आणि १९८१ मध्ये आयबीएम पीसीच्या डॉसने ती उचलली. ए आणि बी फ्लॉपीला गेले. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली, ती सी झाली.

त्याच सुमारास ऑफिसांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले जाऊ लागले. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी हा प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून फाइली मागण्या-देण्याचे नियम, आखला आणि डॉस ३.१ मध्ये ‘रिडिरेक्टर’ आला. प्रोग्रॅमने फाइल मागितली की रिडिरेक्टर ती मागणी मध्येच अडवतो. अक्षर स्थानिक डिस्कचे असेल तर डॉसकडे जाऊ देतो, नेटवर्कचे असेल तर सर्व्हरकडे वळवतो. प्रोग्रॅमला यातले काही कळत नाही. नेटवर्कवरच्या जागेला अक्षर देणारी ‘नेट यूज’ ही कमांड तेव्हापासून आजच्या विंडोजपर्यंत टिकून आहे. नॉव्हेल नेटवेअर या ऑफिसांतल्या नेटवर्कच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्यांना नेटवर्कचा ड्राइव्ह म्हटले की एफ आठवतो. त्याला कारण आहे: डॉस सुरुवातीला ई पर्यंतचीच अक्षरे स्वतःसाठी धरून ठेवायचा, म्हणून नेटवेअर त्याच्या पुढच्या अक्षरापासून सुरू व्हायचे.

युनिक्समध्ये अक्षरे नव्हती. तिथे सगळ्या डिस्क एकाच झाडाच्या फांद्या म्हणून ‘माउंट’ होतात. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) आणले आणि दुसऱ्या मशीनची डिस्क या झाडावर बसवता येऊ लागली. ‘फाइल इथेच आहे’ हे वचन आणि वास्तव यांतला फरक पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसला तो इथे. एनएफएसमध्ये माउंट करताना दोन पर्याय असत. ‘हार्ड’ माउंट केले आणि सर्व्हर बंद पडला, तर फाइल वाचणारा प्रोग्रॅम सर्व्हर परत येईपर्यंत तसाच अडकून बसे. पडद्यावर ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे’ अशा अर्थाची ओळ येत राही. ‘सॉफ्ट’ माउंट केले तर प्रोग्रॅम अडकत नसे, पण त्याला मधूनच एरर मिळे. स्थानिक डिस्कवर अशी एरर सहसा येत नाही, म्हणून बहुतेक प्रोग्रॅम तिच्यासाठी लिहिलेलेच नसत आणि अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहत. १९९४ मध्ये सनमधल्याच जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी एका टिपणात हेच उदाहरण घेऊन सांगितले, की दूरची वस्तू जवळची असल्याचे भासवता येत नाही. तिचे बिघडण्याचे प्रकारच वेगळे असतात. क्लाउड ड्राइव्हबद्दल याहून नेमके निदान आजवर माझ्या वाचनात आलेले नाही.

याला दुसरे उत्तर कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार होत होते. विद्यापीठ आणि आयबीएम यांच्या अँड्र्यू प्रकल्पात एएफएस ही फाइल सिस्टिम बनली. तिचा विचार असा, की प्रत्येक वाचनासाठी सर्व्हरकडे धावण्यापेक्षा फाइल उघडताना ती पूर्णच्या पूर्ण स्थानिक डिस्कवर आणावी, काम तिथेच करावे आणि फाइल बंद झाली की बदल परत पाठवावेत. फाइल दुसऱ्या कोणी बदलली तर सर्व्हर तुमच्या मशीनला कळवतो, की तुमची प्रत जुनी झाली.

महादेव सत्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी १९८७ पासून याच पायावर कोडा ही फाइल सिस्टिम उभी केली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे काम. प्रत स्थानिक डिस्कवर आहेच, तर नेटवर्क तुटल्यावरही काम का थांबावे, असा त्यांचा प्रश्न होता. कोडाचा क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याच्या मशीनवरचा भाग, तीन अवस्थांत चालायचा. नेटवर्क असताना पुढे लागतील अशा फाइली आधीच आणून साठवायच्या. नेटवर्क गेले की त्या प्रतींवरच काम चालू द्यायचे आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची. जोडणी परत आली की नोंदी क्रमाने सर्व्हरवर लागू करायच्या. कोणत्या फाइली कायम जवळ हव्यात याची यादी वापरणाऱ्याला प्राधान्यक्रम देऊन करता येई. आज मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘हे या डिव्हाइसवर नेहमी ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय निवडतो, तेव्हा कोडाच्या त्या यादीत एक ओळ घातल्यासारखेच असते.

हे सगळे संस्थांच्या आतल्या नेटवर्कवर चालले. खुल्या इंटरनेटवर एसएमबी किंवा एनएफएस चालवणे धोक्याचेही होते आणि संथही. एव्हाना वेब सगळीकडे पोचले होते, पण ते वाचण्यापुरतेच. फेब्रुवारी १९९९ मध्ये इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत आरएफसी २५१८ म्हणून वेबडॅव्ह हे मानक प्रसिद्ध झाले आणि वेबच्याच प्रोटोकॉलमध्ये फोल्डर बनवणे, यादी मागणे, फाइल हलवणे, कुलूप लावणे अशा आज्ञांची भर पडली. अॅपलने जानेवारी २००० मध्ये आयटूल्स या इंटरनेट सेवांसोबत आयडिस्क दिली; पुढे तीही याच मानकावर चालू लागली. २० एमबी जागा, थेट मॅकच्या डेस्कटॉपवर. विंडोजमध्ये आधी ‘वेब फोल्डर’ आली. मग एक्सपीमध्ये वेबक्लायंट ही सर्व्हिस आली आणि वेबडॅव्हच्या पत्त्याला ड्राइव्हचे अक्षर देता येऊ लागले.

वेबडॅव्हचा ड्राइव्ह ज्यांनी रोज वापरला त्यांना त्याचे हाल माहीत आहेत. एक फोल्डर उघडले की एक्सप्लोरर फक्त नावे मागून थांबत नाही. आयकॉन हवे असतात, गुणधर्म हवे असतात, फोटो असतील तर छोटी चित्रे हवी असतात. स्थानिक डिस्कवर हे क्षणात होते. इथे त्यातल्या कितीतरी गोष्टींसाठी सर्व्हरपर्यंत एक वेगळी खेप होते. विंडोज ७ मध्ये तर सेटिंग्जमधली ‘प्रॉक्सी आपोआप शोधा’ ही एक खूण काढली की ड्राइव्ह एकदम पळू लागल्याचा अनुभव अनेकांनी घेतला, कारण वेळ जायचा तो प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, शोधण्यातच. शिवाय वेबक्लायंटवर सुरक्षेच्या कारणाने फाइलच्या आकाराची मर्यादा आली: ५ कोटी बाइट, म्हणजे ४७ एमबीच्या आसपास. त्याहून मोठी फाइल कॉपी करू पाहिली की आकार मर्यादेबाहेर असल्याची एरर. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, जाऊन तो आकडा वाढवला तरी ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सर्व्हिस कालबाह्य ठरवली.

अॅपलला ही संथगती लवकर जाणवली असावी. २००३ च्या मॅक ओएस टेन पँथरमध्ये आयडिस्कची एक प्रत स्थानिक डिस्कवर ठेवून मागे सिंक करण्याची, म्हणजे दोन्हीकडच्या प्रती जुळवत राहण्याची, सोय आली. थेट सर्व्हरवर काम करण्याकडून सिंककडे वळण्याची ती सुरुवात होती. आयडिस्क जून २०१२ मध्ये बंद झाली.

एप्रिल २००४ मध्ये जीमेल आले. १ जीबी जागा फुकट, ही तेव्हा अचंबित करणारी गोष्ट होती. त्याच वर्षी रिचर्ड जोन्स यांनी जीमेलएफएस लिहिले, तर विंडोजसाठी जीमेल ड्राइव्ह हे छोटे एक्स्टेन्शन निघाले. फाइल ड्राइव्हमध्ये टाकायची, ती अटॅचमेंट होऊन स्वतःच्याच मेलबॉक्समध्ये जाऊन बसायची. जीमेलने आपली रचना बदलली की हे कोलमडायचे, पण लोकांना नेमके काय हवे आहे ते त्यातून अगदी स्वच्छ दिसले.

जीमेलएफएस शक्य झाले ते फ्यूजमुळे. तोवर नवी फाइल सिस्टिम लिहायची म्हणजे कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत शिरून कोड लिहायचा. तिथे एक चूक झाली की सगळे मशीन बंद. मिक्लोश सेरेदी यांच्या फ्यूजने कर्नलमध्ये फक्त एक दार ठेवले. ‘या फोल्डरची यादी दे’, ‘या फाइलचे एवढे बाइट दे’ अशा मागण्या त्या दारातून एका साध्या प्रोग्रॅमकडे जातात आणि त्याने उत्तर कुठूनही आणले तरी चालते. ऑक्टोबर २००५ मध्ये लिनक्स २.६.१४ मध्ये फ्यूजचा समावेश झाला. २००७ मध्ये मॅकसाठी मॅकफ्यूज आले; विंडोजवर हेच काम पुढे डोकान आणि विनएफएसपी करू लागले. क्लाउडमधल्या फाइली हाताळणाऱ्या आर-क्लोन या प्रोग्रॅमचा ‘माउंट’ असो किंवा क्लाउडला अक्षर देणारी इतर सॉफ्टवेअर, त्यांतली कितीतरी यांपैकी एकाच्या खांद्यावर उभी आहेत.

मार्च २००६ मध्ये अॅमेझॉनची एस३ ही डेटा साठवण्याची सेवा सुरू झाली आणि साठवणुकीचा साचाच बदलला. एस३ मध्ये फोल्डर नसतात. नाव आणि त्या नावाखालची वस्तू, एवढेच. नावातल्या तिरप्या रेघांमुळे फोल्डर असल्यासारखे वाटते. वस्तू मधूनच बदलता येत नाही, पूर्ण नव्याने पाठवावी लागते. नाव बदलायचे तर नव्या नावाने कॉपी करून जुनी पुसायची. आता वर्डसारखा प्रोग्रॅम फाइल कशी सेव्ह करतो ते पाहा: आधी तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहितो, मग जुनीचे नाव बदलतो, मग नवीला जुनीचे नाव देतो. स्थानिक डिस्कवर नाव बदलणे म्हणजे एका नोंदीतला फेरफार. अशा साठ्यावर त्यातल्या प्रत्येक पावलाला पूर्ण फाइलची कॉपी. भर म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत एस३ वर आत्ता बदललेली वस्तू लगेच वाचली तर जुनीच हाती येण्याची शक्यता होती. म्हणून क्लाउडला ड्राइव्ह करणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला मध्ये स्थानिक कॅशे, म्हणजे तात्पुरत्या प्रतींचा साठा, ठेवावी लागते. आर-क्लोनमध्ये ही कॅशे बंद ठेवली तर एकच फाइल वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठी एकदम उघडता येत नाही, आणि पुष्कळ प्रोग्रॅम तिथेच अडखळतात.

ड्रॉपबॉक्सने हा गुंता सोडवण्याऐवजी बाजूला ठेवला. ड्रू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी २००७ मध्ये कंपनी काढली, सप्टेंबर २००८ मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली. त्यांनी ड्राइव्ह दिलाच नाही, एक साधे फोल्डर दिले. ते खऱ्या डिस्कवरचे खरे फोल्डर, त्यामुळे प्रोग्रॅमना काही वेगळे जाणवायचा प्रश्नच नव्हता. सर्व्हरशी जुळवून घेण्याचे काम मागे चालू. मायक्रोसॉफ्टचा स्कायड्राइव्ह, म्हणजे २०१४ पासूनचा वनड्राइव्ह, आणि एप्रिल २०१२ मध्ये आलेला गूगल ड्राइव्ह यांनीही तीच वाट धरली. त्या काळासाठी हा निर्णय अगदी योग्य होता.

मग आकडे उलटले. लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी वेगवान पण लहान एसएसडी आल्या, १२८ जीबीच्या वगैरे. २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्स आणि ऑफिस ३६५ या दोघांच्याही सशुल्क योजनांत १ टीबी जागा मिळू लागली. क्लाउडमधले सगळे कॉम्प्युटरवर मावेनासे झाले, आणि सिंकचा पायाच डळमळला.

यावरचा तोडगा मेनफ्रेमच्या काळापासून माहीत होता. तिथे बरेच दिवस न वापरलेल्या फाइली टेपवर हलवून डिस्कवर त्यांची फक्त नोंद ठेवत; कोणी मागितली की टेपवरून परत आणत. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये स्कायड्राइव्हसाठी अशाच जागा धरून ठेवणाऱ्या फाइली आणल्या. विंडोज १० मध्ये त्या काढून टाकल्या, कारण दिसणारी फाइल विमानात बसल्यावर उघडत नाही हे लोकांना कळतच नव्हते. वापरणाऱ्यांनी जोरदार तक्रारी केल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘फाइल्स ऑन-डिमांड’ या नावाने ती सोय परतली, या वेळी ढगाची आणि हिरव्या बरोबरच्या खुणेची चिन्हे घेऊन. अशा फाइलच्या प्रॉपर्टीज उघडून पाहिल्या तर गंमत कळते: ‘साइझ’समोर पूर्ण आकार असतो आणि ‘साइझ ऑन डिस्क’समोर ० बाइट. ड्रॉपबॉक्सची स्मार्ट सिंक आणि गूगलची ड्राइव्ह फाइल स्ट्रीम हीसुद्धा २०१७ चीच. गूगलने तर जी हे अक्षर देऊन पुन्हा खराखुरा ड्राइव्ह मांडला. मॅकवर कर्नलमध्ये शिरून हे करण्याची वाट मार्च २०२२ च्या मॅकओएस १२.३ पासून मोडीत निघाली आणि अॅपलच्या स्वतःच्या फाइल प्रोव्हायडर चौकटीतून जाणे भाग पडले.

एक प्रश्न मात्र कोडाच्या काळात होता तिथेच आहे. नेटवर्क नसताना दोघांनी एकच फाइल बदलली तर खरी कोणती? कोडा शक्य तिथे स्वतः जुळवायची आणि जिथे जमत नसे तिथे माणसावर सोपवायची. आजचे ड्राइव्हही हेच करतात: ऑफिसची कागदपत्रे एकत्र संपादित होतात, बाकी फाइलींच्या बाबतीत दुसरी प्रत वेगळ्या नावाने शेजारी येऊन बसते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस, मेलचा साठा, छायाचित्रांच्या कॅटलॉगची फाइल या गोष्टी अशा ड्राइव्हवर ठेवून दोन कॉम्प्युटरवरून वापरू नयेत, ते याचसाठी. एका वेळी एकालाच लिहू देणारे कुलूप फाइलला खात्रीने लावता येते असे धरून ही सॉफ्टवेअर लिहिलेली असतात, आणि मध्ये कॅशे असलेल्या ड्राइव्हवर ते कुलूप बहुधा त्याच कॉम्प्युटरपुरते असते.