स्वतःचाच आवाज परका होतो तेव्हा

स्किझोफ्रेनियासाठी मराठीत ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द रूढ झाला आणि एका देहात दोन व्यक्ती नांदतात हा गैरसमज त्याला चिकटला. जगात साधारण दर 300 माणसांमागे एकाला हा आजार असतो. त्यांपैकी कोणातही दुसरा माणूस दडलेला नसतो. अनेकांना मात्र समोर कोणी नसताना बोलणे ऐकू येते, आणि ते का, याचे मेंदूविज्ञानाने सुचवलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते.

स्वतःला गुदगुल्या करून पाहा, होत नाहीत. हाताला आज्ञा देतानाच मेंदू तिची एक प्रत संवेदना टिपणाऱ्या भागांकडे धाडतो. तिच्यावरून आता कोणता स्पर्श होणार याचा अंदाज बांधला जातो, आणि प्रत्यक्ष स्पर्श त्याच्याशी जुळला की त्याची धार कमी केली जाते. जुळला नाही, तर तो बाहेरचा ठरतो. 1950 साली फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट या शास्त्रज्ञांनी माशीवरील प्रयोगांतून हे तत्त्व मांडले. नर रातकिडा स्वतःच्याच किरकिरीने बधिर होत नाही तो यामुळेच, आणि असा निरोप वाहून नेणारी त्याची चेतापेशीही 2006 साली ओळखली गेली.

मनातल्या मनात बोलणे हेही मेंदूच्या दृष्टीने बोलणेच असते. त्या आज्ञेची प्रत पोहोचली नाही किंवा बिघडून पोहोचली, तर स्वतःचा विचार परक्या आवाजात ऐकू येऊ शकेल. 2000 साली लंडनमधील संशोधकांनी असे आवाज ऐकू येणाऱ्या किंवा आपल्यावर दुसऱ्याचा ताबा आहे असे जाणवणाऱ्या रुग्णांची चाचणी घेतली, तेव्हा त्यांना स्वतःचा आणि दुसऱ्याचा स्पर्श सारखाच तीव्र जाणवला. संपूर्ण आजाराचा उलगडा यातून होत नाही. आनुवंशिकता, डोपामिन हे मेंदूतील रसायन आणि ताण यांचाही त्यात वाटा आहे.

तरीही आपल्याकडे अशा माणसाला ‘बाहेरची बाधा’ झाली म्हणून आधी मांत्रिकाकडे नेले जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. सुशिक्षित घरांत मारहाण नसते, पण भावंडांची लग्ने अडतील या धास्तीने आजार लपवला जातो आणि उपचारांची मोलाची पहिली वर्षे निघून जातात.

घरात कोणाला असे आवाज येत असतील, तर ‘तसे काही नाही’ असा वाद घालू नये आणि ‘हो, मलाही येतात’ असेही म्हणू नये. ‘तुला ऐकू येते ते मला येत नाही, पण तुला त्याची भीती वाटते हे मला कळते,’ एवढे म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जावे. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.