उसाच्या रसाचे इथेनॉल आणि भाताच्या पेंढ्याचे इथेनॉल

इथेनॉलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: शेतातल्या कचऱ्यापासून इंधन बनते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज जे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते, त्याला हे वाक्य जवळपास लागूच होत नाही. ते आलेले असते उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून आणि तांदळापासून. पेंढा, बगॅस (उसाचा चोथा), पाचट, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) यांच्यापासून होणारे इथेनॉल ही निराळी गोष्ट आहे. पहिल्याला पहिल्या पिढीचे म्हणतात, दुसऱ्याला दुसऱ्या पिढीचे. कारखान्यात आणि सरकारी कागदावर 'वन-जी' आणि 'टू-जी'. या दोहोंची गल्लत झाली की एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. मग धान्य, पाणी आणि जमीन यांबद्दल विचारायचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. म्हणून ही दोन्ही शेजारी ठेवून नीट पाहायला हवीत.

टाकीत पडल्यावर या दोन इथेनॉलांत काहीच फरक नसतो. रेणू तोच, उकळबिंदू तोच आणि लिटरमागे मिळणारी ऊर्जाही तितकीच, पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. त्यामुळे मायलेज घटण्याची तक्रार असो की रबरी नळ्या खराब होण्याची भीती, जे एकाला लागू ते दुसऱ्यालाही लागू. प्रयोगशाळेतसुद्धा त्यांना वेगळे ओळखणे सोपे नाही. ऊस आणि मका यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत भात-गव्हापेक्षा वेगळी असल्याने त्यांच्यात जड कार्बनचे, म्हणजे कार्बन-१३ चे, प्रमाण किंचित जास्त असते आणि ती खूण इथेनॉलमध्येही उतरते. त्यामुळे पेंढ्याचे इथेनॉल उसाच्या इथेनॉलपासून वेगळे काढता येते. पण एकाच उसाच्या रसाचे इथेनॉल कोणते आणि बगॅसचे कोणते, हे ही खूण सांगू शकत नाही. तिथे कारखान्याच्या नोंदींवरच भिस्त ठेवावी लागते.

फरक आहे तो साखर मिळवण्याच्या वाटेत. ज्वारीचे एक ताट घ्या. कणसातल्या दाण्यांत स्टार्च असतो, कडब्यात सेल्युलोज. दोन्ही ग्लुकोजच्याच लांब साखळ्या आहेत. मात्र ग्लुकोजचा एक रेणू पुढच्याला कोणत्या बाजूने जोडला आहे, एवढ्यावरून सगळे बदलते. स्टार्चमधली साखळी मळसूत्रासारखी वळते आणि तिच्यात एन्झाइमला, म्हणजे साखळ्या तोडणाऱ्या प्रथिनाला, शिरकाव मिळतो. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ असतात, एकमेकींना घट्ट चिकटून स्फटिकासारख्या रचल्या जातात आणि त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज (दुसऱ्या साखरांच्या आखूड साखळ्या) व लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारे चिवट द्रव्य) यांचे वेष्टण असते. म्हणून भाकरी आपल्याला पचते, कडबा पचत नाही. गाय-बैलांना तो पचतो, कारण त्यांच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे सेल्युलोज तोडणारी एन्झाइमे असतात. टू-जी इथेनॉलचे संशोधन म्हणजे हे पोटातले काम कारखान्यात, परवडेल अशा खर्चात करून दाखवण्याची धडपड.

पहिल्या पिढीचा मार्ग थोडक्यात सांगता येतो. उसाच्या रसात साखर तयारच असते. यीस्ट घातले की आंबवण सुरू होते. मका किंवा तांदूळ असेल तर आधी दळून, शिजवून, एन्झाइमने स्टार्चची साखर करून घ्यायची. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १०० किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ किलो इथेनॉल मिळते, उरलेल्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. चांगल्या डिस्टिलरीत या मर्यादेच्या बरेच जवळ जाता येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात धरलेले आकडे असे: एक टन उसापासून ७० लिटर, एक टन सी-हेवी मळीपासून (साखर काढून झाल्यावर उरलेल्या) २२५, बी-हेवी मळीपासून ३००, मक्यापासून ३८० आणि तांदळापासून ४५० लिटर. बी-हेवी मळीचा उतारा जास्त, कारण तिच्यातून साखर पूर्ण काढून घेण्याआधीच ती डिस्टिलरीकडे वळवलेली असते. म्हणजे तिच्या प्रत्येक टँकरमागे थोडी साखर पोत्यात जायची थांबते.

दुसऱ्या पिढीचा मार्ग लांब आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पेंढ्याचा किंवा बगॅसचा आधी बंदोबस्त करावा लागतो, म्हणजे लिग्निनचे वेष्टण सैल करायचे. त्यासाठी पातळ आम्ल आणि दाबाखालची वाफ वापरतात. काही पद्धतींत अमोनिया, काहींत सेंद्रिय द्रावके. पण उष्णता किंवा आम्ल जास्त झाले तर साखरच मोडते आणि फरफ्युरलसारखी द्रव्ये तयार होतात, जी पुढे यीस्टला मारक ठरतात. कमी झाले तर एन्झाइम आत पोचत नाही. या दोन टोकांमधली अरुंद जागा प्रत्येक कच्च्या मालासाठी वेगळी असते. गव्हाच्या काडासाठी बसवलेली घडी भाताच्या पेंढ्याला तशीच चालत नाही, कारण भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते आणि ती यंत्रेही झिजवते.

त्यानंतर एन्झाइम. त्याचा इतिहास दुसऱ्या महायुद्धात सुरू होतो. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे झपाट्याने कुजत होते. कारण शोधता शोधता तिथून एक बुरशी सापडली, जी कापसाचे सेल्युलोज खाऊन टाकत होती. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी पुढे अमेरिकी सैन्याच्या नॅटिक इथल्या प्रयोगशाळेत तिच्यावर काम केले. सुरुवातीचा हेतू होता तंबू वाचवण्याचा. १९७० च्या दशकात तेलाचे संकट आले तेव्हा याच बुरशीकडे उलट्या बाजूने पाहिले जाऊ लागले: जी सुती कापडाची साखर करते ती पेंढ्याचीही करील. रीस यांच्या सन्मानार्थ तिला ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळाले. आजही सेल्युलोज तोडणारी औद्योगिक एन्झाइमे बनवताना याच बुरशीच्या सुधारित वाणांचा मोठा आधार घेतला जातो.

पेंढ्यातल्या सेल्युलोजचे ग्लुकोज झाले तरी काम संपत नाही. हेमिसेल्युलोजमधून झायलोज नावाची पाच कार्बनची साखर सुटते आणि डिस्टिलरीतले नेहमीचे यीस्ट तिला हातही लावत नाही. ती वाया गेली तर कच्च्या मालातल्या साखरेचा मोठा वाटा हातचा जातो. फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इनग्रॅम यांनी झायमोमोनस या जिवाणूची जनुके ई. कोलाय जिवाणूत घालून त्याच्याकडून सर्व प्रकारच्या साखरांचे इथेनॉल करवून घेतले. १९९१ मध्ये त्यांना मिळालेल्या अमेरिकी पेटंटचा क्रमांक बरोबर ५० लाख होता. पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी यीस्टमध्येच बदल करून ग्लुकोज आणि झायलोज दोन्ही आंबवणारे वाण तयार केले. शेवटी उरते लिग्निन. त्याचे इथेनॉल होत नाही; बहुतेक ठिकाणी ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज मिळवतात.

आपल्याकडे या कामात दोन नावे महत्त्वाची आहेत आणि दोन्ही महाराष्ट्रातली. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ऊर्जा जैवविज्ञान केंद्र उभे राहिले. प्राध्यापक अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली तिथे विकसित झालेल्या तंत्रावर उत्तराखंडात काशीपूर इथे रोज दहा टन कच्चा माल घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. दुसरे नाव पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. त्यांचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१७ मध्ये दौंड तालुक्यात उभा राहिला. त्यांच्याच तंत्रावर इंडियन ऑइलचा पानिपतचा व्यापारी प्रकल्प बांधला गेला, जो १० ऑगस्ट २०२२ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, राष्ट्राला अर्पण झाला.

पानिपतचे जाहीर आकडे दोन पिढ्यांमधले अंतर स्पष्ट करतात. खर्च सुमारे ९०० कोटी रुपये. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि त्यापासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल. म्हणजे टनाला १५० लिटर. मक्याच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच क्षमतेची धान्यावरची डिस्टिलरी याच्या कितीतरी कमी भांडवलात उभी राहते. म्हणूनच केंद्राने २०१९ मध्ये पीएम जी-वन योजना आणून टू-जी प्रकल्पांना भांडवली मदत देऊ केली. देशातले इथेनॉल मिश्रण २०१३-१४ मधल्या सुमारे दीड टक्क्यावरून २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले, ते जवळपास सगळे पहिल्या पिढीच्या बळावर.

हा मार्ग किती खडतर आहे, याचा अनुभव परदेशांनी आधी घेतला. अमेरिकेने २००७ च्या कायद्यात २०२२ पर्यंत वर्षाला १,६०० कोटी गॅलन सेल्युलोजजन्य इंधनाचे लक्ष्य ठेवले होते. २०१४-१५ च्या सुमारास तीन कंपन्यांचे मोठे कारखाने सुरू झाले: कॅन्ससमध्ये ह्युगोटन इथे अबेंगोआचा, आयोवात एमेट्सबर्ग इथे पोएट-डीएसएमचा आणि आयोवातल्याच नेवाडा गावी ड्युपाँटचा. पाच-सहा वर्षांत तिघांचेही सेल्युलोज इथेनॉलचे उत्पादन थांबले. युरोपात रुमानियातल्या पोदारी इथला क्लॅरियंटचा कारखाना २०२१ मध्ये बांधून झाला आणि २०२३ संपता संपता बंद करण्यात आला. अमेरिकेत सेल्युलोजजन्य इंधनाच्या कोट्यात पुढे जे प्रत्यक्ष भरले गेले, त्यातला बहुतेक भाग कचराडेपो आणि शेणाच्या बायोगॅसचा होता.

अडचण केवळ एन्झाइमच्या किमतीची नव्हती. मक्याच्या ताटांच्या गठ्ठ्यांबरोबर माती आणि खडे आत येत, त्यांनी यंत्रे झिजत, ओला माल नळ्यांत तुंबे. प्रयोगशाळेत चाळलेला, वाळवलेला नमुना वापरतात. कारखान्याच्या दारात शेतातून उचललेला गठ्ठा येतो. मला वाटते, या क्षेत्रातले सर्वांत दुर्लक्षित संशोधन हेच आहे: काड गोळा कसे करायचे, वर्षभर न कुजता साठवायचे कसे आणि यंत्रात एकसारखे सोडायचे कसे. भाताचा पेंढा काही आठवड्यांत येतो, कारखान्याला तो बारा महिने लागतो.

आता सर्वांत मोठी गल्लत. पहिली पिढी म्हणजे अन्न आणि दुसरी पिढी म्हणजे कचरा, अशी सोपी विभागणी केली जाते. पिढी ठरते ती साखर कशी मिळवली यावरून. माल फुकट जाणारा होता की नाही, याच्याशी तिचा थेट संबंध नाही. सी-हेवी मळी पहिल्या पिढीची आहे, पण ती साखर काढून झाल्यावर उरलेलीच असते. उलट बगॅस दुसऱ्या पिढीचा कच्चा माल आहे, पण आपल्या साखर कारखान्यांत तो वाया जात नाही. त्याच्यावरच बॉयलर चालतात, गाळपाला वाफ मिळते आणि सहवीजनिर्मितीची वीज विकली जाते. कडबा हा तर दुष्काळी तालुक्यात जनावरांचा जीव आहे. विदर्भातल्या कितीतरी घरांत चूल पऱ्हाटीवर पेटते. पाचट जाळले तर नुकसान, पण खोडव्यात आच्छादन म्हणून ठेवले तर ते ओल धरते आणि जमिनीला सेंद्रिय कर्ब देते. यातले काही 'टाकाऊ' ठरवण्याआधी ते आज कोण वापरते, हे विचारले पाहिजे.

पहिल्या पिढीची दुखरी बाजूही आपण अलीकडेच पाहिली. साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरण्यावर बंदी घातली. आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालण्यात आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या हंगामासाठी निर्बंध उठले. मधल्या काळात ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या होत्या, त्यांची अडचण झाली. दरम्यान मका पुढे आला आणि पशुखाद्य व कोंबडीखाद्य बनवणाऱ्यांना तोच मका महाग मिळू लागला. ऊस, मका किंवा तांदूळ यांना टाकीशिवायही दुसरे गिऱ्हाईक असते, म्हणून हा ताण कायमचा आहे. शिवाय पाणी: एक लिटर इथेनॉलइतका ऊस पिकवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच आराखडा सांगतो. सोलापूर आणि मराठवाड्याच्या संदर्भात हा आकडा डोळ्यांआड करता येणार नाही. पेंढ्याच्या बाबतीत हे पाणी धान्यासाठी आधीच दिलेले असते.

महाराष्ट्रात टू-जीचा विचार करायचा तर माझ्या मते सुरुवात साखर कारखान्यापासून व्हावी. ब्राझीलमध्ये रायझेन कंपनीने पिरासिकाबा इथे तेच केले: गाळपाच्या कारखान्याला लागूनच बगॅसचे इथेनॉल, म्हणजे गोळा करण्याचा, वाहतुकीचा आणि माती-खड्यांचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण ऊस गव्हाणीतून आत आलेलाच असतो. आपल्याकडे अडते ते बॉयलरपाशी. बगॅस वाचवायचा तर आधी कारखान्याला लागणारी वाफ कमी व्हायला हवी: बाष्पीभवनाची यंत्रणा सुधारून, जुन्या टर्बाइनच्या जागी विजेच्या मोटारी बसवून, उच्च दाबाचे बॉयलर वापरून. ही कामे अनेक कारखान्यांनी सहवीजनिर्मितीसाठी केलीच आहेत. वाचलेल्या बगॅसची वीज करायची, इथेनॉल करायचे की कागद गिरणीला विकायचा, याचा हिशेब विजेच्या खरेदी दरावर आणि टू-जी इथेनॉलला वेगळा भाव मिळतो की नाही यावर ठरेल. पंपावर दोन्ही इथेनॉल एकच असल्याने तो वेगळा भाव बाजार आपणहून देणार नाही. तो धोरणानेच द्यावा लागेल, आणि त्यासाठी कोणत्या टँकरमधले इथेनॉल रसाचे आणि कोणत्यातले बगॅसचे याची नोंद कारखान्याच्या आतच, आंबवणीच्या टाकीपाशी, चोख ठेवावी लागेल.