ओपन सोर्समधलं रिलीजचं वेळापत्रक

सॉफ्टवेअरचं पुढचं व्हर्जन कधी येणार हे आधीच ठरवून सगळ्यांना सांगून टाकायची पद्धत म्हणजे रिलीज शेड्यूल. ठरवायचे मार्ग मुळात दोनच. एक तर काय काय द्यायचं त्याची यादी करायची आणि ती संपली की रिलीज करायचं, नाहीतर तारीख पक्की करायची आणि त्या दिवशी जे तयार असेल तेवढंच द्यायचं. दुसरा मार्ग ऐकायला उलटा वाटतो, पण बरेचसे मोठे प्रोजेक्ट शेवटी त्याच्यावरच आले आणि का आले ते इंदूरच्या माणसाला फार समजवावं लागू नये. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांचे रथ, निघतात, तारीख पंचांगाची, एखादा देखावा जमला नाही तर तो गळेल पण चल समारोह, म्हणजे मिरवणूक, पुढच्या आठवड्यात ठेवू असं कुणी म्हणत नाही.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघू-बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, खरी अडचण अशी की बरेच लोक फुकटात काम करतात. दिवसभर सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत नोकरी करून रात्री लोकमान्यनगरात घरी बसून कोड लिहिणाऱ्याला "लवकर आटप" म्हणायचा हक्क कुणालाच नसतो. त्यात पुढची तारीखच माहीत नसेल तर जो तो विचार करतो की ही संधी गेली तर परत दोन वर्षं थांबा, मग अर्धवट पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पण घुसवायला बघतो, त्याच्यामुळे बग, म्हणजे चुका, वाढतात, रिलीज लांबतं, आणि लांबलंय म्हटल्यावर अजून चार जण आपापलं घेऊन येतात. तारीख ठरलेली असली की ही घाईच संपते, आत्ता नाही तर सहा महिन्यांनी जाईल, बस.

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, असंच झालं होतं. २.४ जानेवारी २००१ मध्ये आलं आणि २.६ यायला डिसेंबर २००३ उजाडला, मधल्या काळात डिस्ट्रो कंपन्या, म्हणजे लिनक्सचं तयार पॅकेज करून देणाऱ्या, नवीन कोड स्वतःच जुन्या कर्नलमध्ये टाकत बसल्या. आता दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे नवीन कोड आत घ्यायची मुदत, मग आरसी१, म्हणजे तपासायला दिलेलं पहिलं कच्चं व्हर्जन, पुढे साधारण दर रविवारी एक आरसी, सातव्या-आठव्यानंतर फायनल, म्हणजे नऊ-दहा आठवड्यांत एक कर्नल. लिनक्स सुरू करणारा टोरवाल्ड्स तिकडे अमेरिकेत रविवारी दुपारी काढतो तेव्हा इंदुरात सोमवारची पहाट असते.

ग्नोमने, म्हणजे लिनक्सवरच्या एका डेस्कटॉपने, सहा महिन्यांचा नियम २००२ च्या २.० नंतर धरला, मार्च आणि सप्टेंबर. उबंटू या डिस्ट्रोने २००४ मध्ये तोच हिशोब उचलला आणि वर्ष-महिनाच व्हर्जनच्या नंबरात घातला, म्हणून ऑक्टोबर २००४ चं पहिलं ४.१०. फायरफॉक्स ब्राउझरचं ४ रखडत रखडत मार्च २०११ ला आलं आणि मग ते बनवणाऱ्या मोझिलाने सरळ सहा आठवड्यांची गती धरली, २०२० पासून चार. पण ऑफिसातल्या लोकांना दर महिन्याला नवीन ब्राउझर नकोच असतो, त्यांच्यासाठी ईएसआर नावाचं वेगळं, जास्त काळ सांभाळलं जाणारं व्हर्जन ठेवावं लागलं. प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी पायथन ३.९ पासून दर ऑक्टोबरला येतं, रस्ट दर सहा आठवड्यांनी.

तारखेच्या आधी फ्रीझ, म्हणजे बदल थांबवणं, येतं. आधी नवीन फीचर बंद, मग मेनू-मेसेजचे शब्द बदलणं बंद, शेवटी फक्त गंभीर बग. मधलं, म्हणजे स्ट्रिंग फ्रीझ, डेव्हलपरांना बिनकामाचं वाटतं पण लिब्रेऑफिससारखं ऑफिसकामाचं सॉफ्टवेअर मराठीत आणणाऱ्यांचा सगळा जीव त्याच्यात अडकलेला, कारण नंतर कुणी एक वाक्य जरी बदललं तर मराठी मेनूच्या मधोमध ते इंग्रजीत दिसतं.

किती दिवसांनी काढायचं हे टेस्टिंगला आणि जुनी व्हर्जनं सांभाळायला किती माणसं आहेत त्यावर ठरवावं, उत्साहावर नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस वर्षाला एक मोठं व्हर्जन काढतो आणि प्रत्येकाला पाच वर्षं सांभाळतो, म्हणजे एका वेळी पाच व्हर्जनांमध्ये दुरुस्त्या, त्या पण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशा ठरलेल्या. दोन माणसांच्या प्रोजेक्टने असलं वचन देऊ नये. आणि टीम इंदूरची असेल तर दिवाळी, कॉलेजच्या परीक्षा आणि रंगपंचमी बघूनच तारीख टाकावी, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, चालू असताना बग बघायला कोण बसणारे! सुरक्षेचं भोक सापडलं तर मात्र कॅलेंडर बाजूला, दुरुस्ती लगेच द्यायची.

तारीख कधीच हलत नाही असंही नाही. उबंटूचं पहिलं एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं सांभाळायचं व्हर्जन, एप्रिल २००६ ला यायचं होतं, ते सहा आठवडे पुढे नेलं आणि नंबर पण ६.०६ झाला, पण हे आधीच सांगून केलं म्हणून फारसं बिनसलं नाही. डेबियन या डिस्ट्रोची तऱ्हा अजून वेगळी. "तयार झालं की येईल" हे त्यांचं जुनं धोरण, वुडी नावाचं व्हर्जन जुलै २००२ ला आणि त्यापुढचं सार्ज थेट जून २००५ ला. आता ते फ्रीझच्या तारखा आधी जाहीर करतात, रिलीजचा दिवस मात्र गंभीर बगांची यादी आटोक्यात आल्यावरच ठरतो, तरी पण साधारण दोन वर्षांचा ताल बसलाय, बारावं व्हर्जन जून २०२३ मध्ये आलं आणि तेरावं ऑगस्ट २०२५ मध्ये.