पलीकडे नेलं की चिन्ह का बदलतं?

दहावीतली भाची परवा बीजगणिताची वही घेऊन आली. गणित साधं: य = (२/३)क्ष − ४ हे समीकरण सामान्य रूपात लिहा, म्हणजे क्ष आणि य ची पदं एकाच बाजूला आणून. तिचं उत्तर होतं −२क्ष + ३य + १२ = ०. मागच्या पानावर छापलेलं उत्तर २क्ष − ३य = १२. पोरीने सगळं खोडून ठेवलं होतं.

"मामा, कुठे चुकलं?"

कुठेच नाही. पूर्ण समीकरणाला ३ ने गुणलं, त्यात ४ लाही गुणायचं विसरली नाही (बहुतेक मुलं तिथेच घसरतात). राहिला फक्त −१ ने गुणण्याचा फरक. रेषा तीच. अपूर्णांक नकोत, सामाईक अवयव नको, क्षचा सहगुणक (त्याला गुणणारा आकडा) धन असावा, हे शिष्टाचार झाले. ते पाळले की दोघांची उत्तरं ताडून बघता येतात, एवढंच. १२ उजवीकडे लिहायचे की सगळं डावीकडे आणून शून्य करायचं, हीसुद्धा सोयच.

तिचा पुढचा प्रश्न मात्र खरा होता: पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की त्याचं चिन्ह का बदलतं? शिकवणीतलं उत्तर, "नियमच आहे."

नियमबियम काही नाही. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात (काळ इ.स. ११५० च्या आसपासचा) एक झकास उदाहरण आहे. एकाकडे ६ घोडे आणि रोख ३०० नाणी. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज. दोघांची ऐपत सारखी, घोडे सारख्याच किमतीचे. तर एका घोड्याची किंमत किती?

दोघांकडून सहा-सहा घोडे काढून घ्या. बरोबरी मोडत नाही. आता पहिल्याकडे नुसते ३००, दुसऱ्याकडे ४ घोडे आणि कर्ज. मग दोघांच्या हातावर शंभर-शंभर ठेवा. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, पहिल्याकडे झाले ४००. म्हणजे ४ घोडे ४०० ला, एक घोडा १०० ला. कागदावर मात्र असं दिसतं, की उजवीकडचे −१०० उडी मारून डावीकडे गेले आणि वाटेत + झाले. उडी कोणीच मारलेली नाही. कर्ज फेडायला एकाला शंभर दिले, म्हणून दुसऱ्यालाही द्यावे लागले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने वजा पद असं भरून काढण्याला 'अल्-जब्र' म्हटलं; आपला 'अल्जिब्रा' तिथून आला.

याच क्रियेला 'परावर्त्य योजयेत्' असं सूत्र जोडून वेदांमधलं गुपित म्हणून विकणारे व्हिडिओ फिरत असतात. ज्या पुस्तकातून ही सूत्रं पसरली ते १९६५ साली छापलं गेलं, आणि उपलब्ध वेदांमध्ये ती सापडत नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या कुळाचा शिलालेख उभा असताना ही उसनवारी कशाला?

खरं कौतुक आहे त्या जुन्या मांडणीचं. दोन्ही बाजू एकाखाली एक लिहायच्या:

या ६ रू ३००
या १० रू १०० (ऋण असल्याने डोक्यावर टिंब)

'या' म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. 'रू' म्हणजे रूप, सुटी संख्या, रुपये नव्हेत. एका जातीची पदं एकाच उभ्या ओळीत. एखादं पद नसेल तर तिथे शून्य, पण जागा रिकामी सोडायची नाही. सामान्य रूपाचं मर्म हेच. य = मक्ष + क या साच्यात (म म्हणजे रेषेचा चढ) क्ष = ५ ही उभी रेषा बसतच नाही, कारण तिला चढच सांगता येत नाही. सामान्य रूपात ती १क्ष + ०य = ५ म्हणून निमूट बसते. आणि रकाने एकदा ठरले की अक्षरांची गरजच उरत नाही. २, −३, १२ एवढे आकडे पुरतात. दोन समीकरणं एकत्र सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीतले निश्चयक (सहगुणकांच्या चौकटीतून काढलेल्या संख्या) या आकड्यांवरच चालतात आणि संगणकही हजारो समीकरणं अशाच तक्त्यात ठेवतो. शिवाय (२, −३) ही जोडी रेषेला लंब असलेली दिशा सांगते. १२ बदलत गेलात तर रेषा स्वतःला समांतर सरकते. तिसरं चल आलं की तीन सहगुणक प्रतलाची लंबदिशा देतात, चौथं आलं की चित्र काढता येत नाही, पण तक्ता तसाच चालतो. (इथे भाचीने जांभई दिली.)

मग तिला तापमान दिलं, से म्हणजे सेल्सिअस, फॅ म्हणजे फॅरनहाइट. फॅ = (९/५)से + ३२. ५ ने गुणून, सगळं एका बाजूला आणून तिने लिहिलं: ९से − ५फॅ + १६० = ०. अंगाचं तापमान ३७ घालून पाहिलं: ३३३ + १६० = ४९३, भागिले ५, बरोबर ९८.६. आता दोन्ही तापमापक एकच आकडा कधी दाखवतील? से आणि फॅ एकच माना: ४से + १६० = ०. उत्तर −४०.

वहीत तिने 'पलीकडे नेले' असं न लिहिता 'दोन्ही बाजूंतून १६० वजा केले' असं लिहिलं. सर यासाठी मार्क कापतील का, हे मात्र तीनदा विचारलं.